सदतीस नंबरची जागा

कादरभाई चिंगम विकत घ्यायचे आणि तिथल्या तिथे दुसऱ्याला देऊन टाकायचे. आमच्या पिंपरीच्या कंपनीच्या फाटकासमोर पानाची एक टपरी होती. पहिली शिफ्ट सुटली की हा उंच, किडकिडीत, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस सायकल टेकवून तिथे उभा राहायचा, एक पाकीट घ्यायचा, वरचा कागद नखाने अगदी जपून सोडवायचा, आतलं चित्र बघायचा आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या हातावर चिंगम ठेवायचा. "चिंगम तुझं, चित्र माझं." एवढं बोलून चित्र खिशात घालून सायकलवर टांग मारायची. त्रेसष्ट साली मी टर्नर म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी शेजारी उभा असण्याची पाळी माझ्यावर आली. चाळिशीला टेकलेला माणूस आपल्याला चिंगम का देतो आहे हे मला कळेना, पण फुकटचं कोण सोडतो? मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी कळलं की हेच आमच्या टूल-स्टोअरच्या खिडकीवर बसतात.

ती चित्रं क्रिकेट खेळाडूंची होती. पत्त्याएवढा जाड कागद, पुढे खेळाडूचा रंगीत फोटो, मागे नंबर आणि चार ओळी माहिती. सगळी मिळून अठ्ठेचाळीस. चिंगमवाल्यांनी ती चिकटवायला एक वहीही काढली होती, पानावर चार चौकटी, प्रत्येकीत नंबर. हा उद्योग खरा शाळकरी पोरांचा. त्यात कादरभाईंना क्रिकेटातलं फारसं कळतही नव्हतं. गलीला उभा राहणारा नेमका कुठे उभा राहतो हे त्यांना मी तीनदा समजावलं, तिन्ही वेळा "आसंल, आसंल" म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. त्यांना खेळ नको होता, वही पुरी व्हायला हवी होती.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. कादरभाई मूळचे चाकणचे. सातवीच्या परीक्षेच्या आधी वडील गेले म्हणून शाळा अर्धवट. पुढे कुठल्याशा कारखान्यात उमेदवारीला लागले, तर तो कारखाना बंद पडला, म्हणून फिटरकी अर्धवट. चाकणला घर बांधायला काढलं ते खिडक्यांच्या वरच्या तुळईपर्यंत येऊन थांबलं होतं आणि वर पत्रे टाकून भाभी आणि ते त्यातच राहत होते. मूलबाळ नव्हतं. "गावात मला आर्धेभाई म्हंत्यात," ते हसत म्हणाले. "म्हनू द्यात. पर दत्तू, येक तरी गोष्ट पुरी झाल्याली बघायची हाय मला. ल्हानशी का आसंना. ही वही तरी पुरी हुईल. अठ्ठेचाळीस म्हंजे काय लई न्हाई." मला तेव्हा हसू आलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळ्याचंच हसू यायचं.

खिडकीवर मात्र हा माणूस वेगळा. टूल-स्टोअरचा नियम सगळ्या कारखान्यांत असतो तोच. प्रत्येक कामगाराला त्याचा नंबर ठोकलेली पाच-सहा पितळी टोकनं दिलेली असतात. व्हर्निअर हवं, रीमर हवा, की खिडकीवर टोकन द्यायचं. मागच्या लाकडी बोर्डावर प्रत्येक हत्याराची खुंटी असते, तिथलं हत्यार तुमच्या हातात येतं आणि त्या खुंटीवर तुमचं टोकन लागतं. हत्यार परत केलं की टोकन परत. कोणाकडे काय आहे ते बोर्डाकडे बघूनच कळतं. पण कादरभाईंनी या साध्या नियमाचा धर्म करून टाकला होता. "खुटी रिकामी दिसता कामा न्हाई. हत्यार तरी पायजे, न्हाई तर टोकन तरी पायजे," हे ते साहेबालाही ऐकवायचे. आणि दुसरं कलम त्याहून कडक. हत्यार शिफ्ट सुटायच्या आत परत. भोंगा झाला की खिडकीची फळी खाली. नंतर कोणी मायक्रोमीटर घेऊन धावत आला तर आतून आवाज यायचा, "शिफ्ट सुटल्यावर आणल्यालं हत्यार म्या घेत न्हाई. घरी न्या, उशाला घिऊन झोपा, आन सकाळच्याला या." एकदा मी खरोखरच एक मायक्रोमीटर उशाला घेऊन झोपलो आहे.

माणसांची नावं त्यांना लक्षात राहायची नाहीत, नंबर राहायचे. मी त्यांचा दोनशे चौदा. बायकोला घेऊन चिंचवडच्या बाजारात भेटलो तर तिच्यादेखत "काय दोनशे चौदा, भाजी का?" आमच्या सौभाग्यवतींनी घरी आल्यावर विचारलं, तुम्ही कधी तुरुंगात होतात का?

ही नंबर लक्षात राहण्याची खोडच त्यांना नडली. एक-दोन वर्षांत त्यांची सत्तेचाळीस चित्रं झाली. एक राहिलं, सदतीस नंबरचं. दोनचार सामने खेळून विसरला गेलेला कोणी यष्टीरक्षक होता तो. आणि गंमत अशी की कादरभाईंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा जे चित्र आलं ते हेच होतं. तेव्हा वहीचा पत्ताही नव्हता. टूलरूममध्ये नवा ग्राइंडर बसवत होते, एका कोपऱ्यात तो केसभर खाली बसत होता, आणि मिस्त्री ओरडला, काहीतरी पॅकिंग द्या रे! कादरभाईंनी खिशात हात घातला. कोणीतरी दिलेलं ते चित्र हाताला लागलं, जाडीला बरोबर वाटलं, दोन घड्या घालून सारलं पायाखाली. लेव्हल साधली. मिस्त्रीने शाबासकी दिली. संध्याकाळी वरून सिमेंट ओतलं.

"मागचा नंबर वाचूनच घडी घातली व्हती म्या," ते सांगायचे. "सदतीस. डोळ्यांनी वाचला."

तो ग्राइंडर त्यांच्या खिडकीसमोर पंधरा पावलांवर होता. रोज आठ तास तो समोर फिरायचा आणि रोज आठ तास कादरभाई त्याच्या पायाकडे बघायचे. मी एकदा म्हटलं, अहो, आता त्या कागदाचा तेल पिऊन लगदा झाला असेल, सोडा नाद. तर म्हणाले, "त्ये कळतंय रं. पर हाय तर हितंच ना!"

दुसरी संधी तळेगाव दाभाड्याला आली. त्यांची बहीण तिथे दिलेली होती. तिच्याकडे गेले असताना दाढी कोरायला म्हणून एका न्हाव्याच्या दुकानात शिरले, तर आरशाच्या चौकटीत खोचलेला सदतीस नंबर! न्हाव्याने सहज हौस म्हणून लावला होता. नुसतं मागितलं असतं तर त्याने काढून दिला असता. पण कादरभाईंना मागता येईना. टोकन दिल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही हे हाडात मुरलेलं. त्याला बदल्यात काय द्यावं, तो काय म्हणेल, याचाच विचार करत ते केस कापून घेऊन परत आले. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेले, पुन्हा केस कापले. एका महिन्यात चार वेळा! डोक्यावर कापायला काही उरलं नाही तेव्हा न्हावीच म्हणाला, चाचा, मी तरी आता कशावर कात्री चालवू? पाचव्या खेपेला मन घट्ट करून, खिशात तीन जादा चित्रं बदल्यात द्यायला घेऊन गेले, तर दुकानाला कुलूप. न्हावी सामानसुमान, आरसे सगळं घेऊन गावी निघून गेला होता. कुठलं गाव ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही टूलरूममध्ये या गोष्टीवर पोट धरून हसलो. कादरभाईही हसले. पण त्या दिवशी डबा त्यांनी तसाच परत नेला.

मग चिंगमवाल्यांनी चित्रं देणंच बंद केलं. आता टपरीसमोर उभं राहण्यात अर्थ नव्हता, तरी सवयीने ते उभे राहायचे.

माझ्या हातून एक पाप घडलं तेही याच सुमारास. मी वर्तमानपत्रातला एका यष्टीरक्षकाचा फोटो कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, वर रंगपेन्सिली फिरवल्या, मागे ऐटीत ३७ लिहिलं आणि खिडकीवर ठेवून म्हटलं, "घ्या कादरभाई, झाली वही पुरी." त्यांनी ते हातात घेतलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्याच क्षणी ते परत हिसकावून घ्यावंसं वाटलं. मग त्यांनी कडेला नख लावलं, पुठ्ठा सुटला, आणि फोटोच्या पाठीला कांद्याच्या बाजारभावाची छपाई दिसली. "ब्येस केलंयस," ते म्हणाले. "हात चांगला हाय तुजा." दोन दिवस ते चहाला आमच्यात आले नाहीत. मी माफी मागितली, त्यांनी ती दिली. पण दिलेली माफी आणि पुसलेली गोष्ट यांत फरक असतो, तो मला फार पुढे कळला.

दर खंडेनवमीला आमच्या टूलरूममध्ये हत्यारांची पूजा व्हायची. लेथ, ग्राइंडर पुसून लख्ख, झेंडूच्या माळा, पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर मांडलेले. मांडायचं काम कादरभाईंचं, कारण हत्यारं त्यांच्या ताब्यातली. हत्यारांच्या शेजारी ते आपली वही ठेवायचे. पहिल्या वर्षी कोणीतरी कुरकुरला, तर आमच्या फोरमननेच त्याला गप्प केलं. पूजा झाली की कादरभाई नारळाचं खोबरं खात वही उघडायचे, सदतीसची रिकामी चौकट बघायचे आणि मिटायचे. "फुडच्या नवमीला," असं दरवर्षी म्हणायचे. अशा दहा-बारा नवम्या गेल्या. त्यांची दाढी मेंदीला दाद देईनाशी झाली, छातीत घरघर सुरू झाली.

आणि एका श्रावणात मला सदतीस नंबर सापडला. पिंपरी कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानातून मी लॉगॅरिदमच्या कोष्टकांचं एक जुनं पुस्तक घेतलं होतं. कोणा विद्यार्थ्याने त्यात खूण म्हणून चित्र घातलेलं. खाली बसलेला, हातमोजे पुढे केलेला यष्टीरक्षक. मागे ३७. मी तिथेच दोनदा तपासलं, नख लावूनसुद्धा पाहिलं. खरंच होतं.

त्याच दिवशी सायकल दामटून चाकणला जायला हवं होतं मी. निदान दुसऱ्या दिवशी खिडकीवर द्यायला हवं होतं. पण मला सुचलं काय, तर मुहूर्त! खंडेनवमी दीड-दोन महिन्यांवर होती. पूजेच्या पाटावर वही ठेवलेली असेल, त्यावर हे चित्र ठेवायचं, आणि कादरभाई खोबरं खात वही उघडायला येतील तेव्हा त्यांचं तोंड बघायचं. मागच्या पापाची फेड चांगली सर्वांसमक्ष व्हावी अशीही हौस होती. मी पुस्तकासकट चित्र कंपनीतल्या माझ्या खणात ठेवलं आणि किल्ली लावली. दीड महिना रोज त्यांच्याकडून हत्यारं नेली, वेळेत परत केली, पण चित्राचा शब्द तोंडातून काढला नाही. माझा मलाच केवढा अभिमान!

नवमीला पाच दिवस होते. सकाळी पहिल्या शिफ्टला आलो तर फाटक बंद आणि वर नोटीस. बोनसवरून बोलणी फिसकटली होती, कंपनीने टाळेबंदी जाहीर केली होती. आम्ही सगळे रस्त्यावर. माझा खण आत, पुस्तक खणात, सदतीस नंबर पुस्तकात.

पहिले पंधरा दिवस वाटलं, मिटेल. मग महिना गेला, दुसरा गेला. त्यात निरोप आला की कादरभाई अंथरुणाला खिळले आहेत. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी एकदा पाणी काढलं, पुन्हा भरलं, मग घरीच ठेवा म्हणाले. मी एसटीने चाकणला गेलो. त्या तुळईपर्यंतच्या घरात, पत्र्याखाली, ते भिंतीला टेकून बसले होते, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये दोनशे चौदा. उघडलं का फाटक?"

मी सांगून टाकलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं? "कादरभाई, सदतीस सापडलाय. खरा. माझ्या खणात आहे. नवमीला देणार होतो."

ते हसले. "खोटं बोलतुयास भावा. पर आजाऱ्याशी आसंच बोलावं. ब्येस बोलतुयास."

मी शपथा घेतल्या. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायची भाषा केली. ते आपले मान हलवत राहिले, लहान मुलाची समजूत घालावी तशी. कांद्याच्या बाजारभावाचा तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये होता, दोघांनाही दिसत होता, आणि त्याला मी काही करू शकत नव्हतो. शेवटी मला त्यांचाच राग आला. माझ्या सदऱ्याच्या खिशात टाळेबंदीच्या आदल्या दिवसापासून एक टोकन पडून होतं. ते मी गोधडीवर टाकलं. "हे घ्या टोकन! सदतीस नंबर माझ्याकडे आहे. आता तरी झालं?" त्यांनी ते उचललं, नंबरावरून अंगठा फिरवला आणि उशीखाली ठेवलं. भाभींनी चहा आणला. मग आम्ही दुसरंच काहीतरी बोलत बसलो.

परत आल्यावर मी फाटकावर गेलो. पहारेकरी ओळखीचा, कादरभाईंचं चिंगम खाल्लेला. म्हणाला, "राव, टूलरूमला सील हाय. माझी नोकरी जाईल." एका साहेबाची मोटार अडवून त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी काच खाली करून विचारलं, आत काय राहिलंय तुमचं? मी म्हणालो, चित्र. चिंगमच्या पाकिटातलं. त्यांनी काच वर केली. आणि मी साहेबाच्या मोटारीशी बोलताना दिसलो म्हणून युनियनच्या मंडपात दुसऱ्या दिवशी माझी उलटतपासणी. "कशापायी भेटला व्हता साहेबाला?" तिथेही तेच सांगावं लागलं. कोणी विश्वास ठेवला नाही. मीसुद्धा ठेवला नसता. महिनाभर माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. रोज फाटकासमोर उभा राहून मी टूलरूमची कौलं मोजायचो. शंभर पावलांवर ती वस्तू होती, आणि तिच्यापर्यंत जायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

माघात कादरभाई गेले. मय्यतीला आमचे बरेच लोक होते, टाळेबंदीमुळे सगळे रिकामेच. मीही मूठभर माती दिली. ते मला खोटारडा समजून गेले, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

कंपनी उघडली ती उन्हाळ्यात. टूलरूमभर धूळ, ग्राइंडरवर गंजाची साय, बोर्डावरच्या खुंट्या मात्र सगळ्या भरलेल्या, कादरभाई जशा सोडून गेले तशा. माझा खण मी उघडला. इतके महिने मनात उंदीर होते, वाळवी होती, गळकं कौल होतं. यांतलं काहीही झालं नव्हतं. पुस्तक जागेवर, चित्र जागेवर, करकरीत. खराब झालं असतं तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं. पहिल्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी चाकणची एसटी पकडली.

भाभींनी माझ्या हातातलं चित्र पाहिलं आणि काही न विचारता पेटीतून वही काढून पुढे केली. मी सदतीसचं पान उघडलं. चौकट रिकामी नव्हती. तिथे माझं टोकन होतं. टोकनाच्या भोकातून लाल दोरा ओवून कागदाला टाचलेलं. २१४.

"शेवटाला त्यास्नी दोरा दिसंना," भाभी म्हणाल्या. "मलाच टाचाया लावलं. म्या म्हनलं, कशाला वही खराब करता? तर म्हनले, जागा रिकामी ऱ्हाता कामा न्हाई. चित्र दोनशे चौदाकडं हाय. त्यो आणून देनार हाय. आणलं का त्येचं टोकन त्येला दे."

भाभींनी कणकेची खळ शिजवून आणली, स्वतःच दाताने दोरा तोडला, टोकन माझ्या तळहातावर ठेवलं. मी चित्र चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबल्या. दोऱ्याची दोन भोकं झाकली गेली. मग आम्ही दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटून पाहिली. अठ्ठेचाळीस भरली. वही पुरी झाली.

ते टोकन मी कंपनीत परत वापरलं नाही, हरवलं म्हणून लिहून दिलं. ते घरी आहे. खिडकीवर आता दुसरा माणूस बसतो, भोंगा झाल्यावरही तो हत्यारं घेतो. शिफ्ट सुटल्यावर आणलेलं हत्यार कादरभाई कधी घेत नसत. माझं भाभींनी घेतलं, एवढंच.